खाडीतलं पाणी जपणारे आम्ही

मंडळी, आज आम्ही लातूरचे चौघं मित्र कोकणात खाडीवर मासे धरायला गेलो. होडीत गळ टाकून बसलो खरं, पण माझं सगळं ध्यान मोबाईलवर. आज आमच्या गल्लीत टँकर यायचा होता आणि घरी बायको एकटीच.

दुपारी एक मासा घावला. सुभाषनं बादलीत खाडीचं पाणी घेऊन तो धुतला. होडीवाले काका म्हणाले, "ओता आता ते पाणी."

मी ओरडलो, "ए, फेकू नको! संडासाला होतंय!"

सुभाषनं बादली गुमान बाजूला सरकवली. बाकीच्या दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. काका मात्र आमच्याकडं बघतच राहिले. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, आणि असं हसलो की होडी डुलायला लागली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "टँकर येऊन गेला. दोनच घागरी मिळाल्या. तुमच्या मागं लई आवाज यायलाय, कशाचा हाय?"

होडीवर पाणी आदळत होतं. पण तसं सांगायला जीभ रेटेना. म्हणालो, "वारं सुटलंय."

आत्ता लॉजवर बसलोय, पण चैन नाही. खरं सांगा, तुम्ही काय म्हणाला असता?