भगत सरांच्या जोड्या

फोन आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेची बैठकव्यवस्था लिहीत होते. संक्रांतीच्या दोन दिवस आधीची सकाळ. पलीकडून भगत सरांचा मुलगा एवढंच म्हणाला, "मॅडम, बाबा गेले... पहाटे, झोपेतच." मी "निघते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या दोन खोल्यांची यादी पूर्ण करूनच मंगरूळपीरला निघाले. लिहिताना हात नीट चालत होता. शाळेत ती यादी लावल्यावर कळलं, एका खोलीत मी एकच रांग दोनदा लिहिली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या यादीत कधी चूक झाली नाही, असं मी इथे लिहिणार होते. पण ते खरं नाही. याहून फार मोठी चूक मी दोन वर्षांपूर्वी केली होती. भगत सरांबद्दल लिहायचं तर तीच सांगायला हवी.

आमचं हायस्कूल कारंजा-मंगरूळपीर रस्त्यावरच्या एका गावात आहे. मुलं आसपासच्या पाच-सहा खेड्यांतून येतात, कुणी बसने, कुणी सायकलने, बरीच पायी. मी इथे विज्ञान शिकवते आणि पर्यवेक्षिका म्हणून शिस्तीचं काम पाहते. उशिरा येणारे, गणवेश नसलेले, सलग गैरहजर राहणारे, प्रत्येकाची माझ्याकडे वेगळी वही असते. भगत सर गणिताचे आणि दहावी 'ब'चे वर्गशिक्षक. वर्षानुवर्षं आमच्या टेबलांमध्ये एका कपाटाचं अंतर होतं आणि स्वभावांमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. मुलांना वेळेवर या म्हणून सांगणारे हे गृहस्थ स्वतः आठवड्यातून दोनदा तरी प्रार्थना सुरू झाल्यावर मागच्या फाटकातून आत येत. मी दिलेले कागद त्यांच्याकडे टिकत नसत. एकदा मी गणवेशाच्या नियमांची यादी सर्व वर्गशिक्षकांना दिली, तर आठवड्याने तीच यादी भाजलेल्या शेंगांची पुडी होऊन माझ्यासमोर आली. "घ्या मॅडम, शेंगा खा. तुमचे नियम बी गरम झाले," असं वर त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती यादी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून आणली, दोन नियम कमी करून. विचारलं तर म्हणाले, "ते दोन मलेच जमत नाहीत."

पण एका गोष्टीत त्यांच्यासारखा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या वर्गातलं मूल शाळेतून सुटत नसे. मधल्या काळात गळतं, जातं, पण परत येतं. त्याला कारण त्यांच्या जोड्या. ऑगस्टच्या सुमारास, कोण शाळा बुडवतं ते एकदा ध्यानात आलं की सर अशा मुलांच्या जोड्या लावत. नियम एकच. दोघांपैकी एक आला नाही, तर दुसऱ्याने शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायचं. ओढून आणायचं नाही, रागवायचं नाही, आईबापाकडे तक्रार करायची नाही. दारात उभं राहून आज वर्गात काय झालं ते सांगायचं, तो का आला नाही ते ऐकायचं, आणि सकाळी येऊन सरांना सांगायचं. बस्स.

मला यातली एक गोष्ट अजिबात पटत नसे. सर जोडी लावत ती दोन्ही बुडव्यांची. दोघंही गैरहजर राहणारी, दोघांचंही गणित कच्चं. मी एकदा स्टाफरूममध्ये सरळच म्हटलं, "सर, शेतकरी नवा गोऱ्हा जुन्या, शिकलेल्या बैलाबरोबर जुंपतो. तुम्ही दोन्ही गोऱ्हे एका जुवाला लावता. गाडी जाणार कुठे?" सगळे हसले. सरही हसले. मग म्हणाले, "मॅडम, गोऱ्ह्याची मान जुवाले बांधलेली राह्यते, म्हून तो शिकते. पोट्ट्याची मान कुठं बांधून ठेवता?" मला ते उत्तर न वाटता पळवाट वाटली. माझ्या वहीत मी तसंच नोंदवलं होतं: 'जोड्यांबाबत पुन्हा बोलणे.'

बोलायची वेळ आलीच नाही, कारण दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सरांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी अकोल्याला जावं लागलं आणि दहावी 'ब' माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्या जोड्या नव्याने लावल्या. प्रत्येक कच्च्या मुलासोबत एक हुशार, नियमित मूल. कुणालाही हेच शहाणपणाचं वाटलं असतं. छान तक्ता केला. रोज संपर्क झाला की हुशार मुलाने त्यात खूण करायची. सरांच्या जुन्या जोड्यांतली एक निकिता आणि सानियाची होती. निकिता वस्तीवरची. आई कापूस वेचायला गेली की तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला घरी थांबणारी. सानिया गावातलीच, चलाख पण तोंडाळ. तिचं नाव माझ्या प्रत्येक वहीत असे. मी निकिताला वर्गात पहिल्या येणाऱ्या श्रावणीसोबत लावलं आणि सानियाला दुसऱ्या एका गुणी मुलीसोबत. सानिया तेव्हा म्हणाली होती, "मॅडम, आमचं बरं चालू होतं ना?" मी म्हटलं, "आता आणखी बरं चालेल."

तक्ता भरत गेला. श्रावणीच्या रकान्यात एकही खूण चुकली नाही. डिसेंबरच्या शेवटी मुख्याध्यापकांनी दहावीची हजेरी काढायला सांगितली, कारण ज्यांची हजेरी फारच कमी त्यांची नावं मंडळाकडे कळवावी लागतात आणि मग परीक्षेला बसणं अवघड होऊन बसतं. मी हजेरीपट उघडला. सगळ्यात कमी हजेरी निकिताची. महिनाभरात ती मोजून चार दिवस आली होती. आणि तक्त्यात रोज खूण! श्रावणीला बोलावलं. ती बिचारी गोंधळली. "मॅडम, मी रोज तिच्या आईच्या मोबाइलवर अभ्यासाचे फोटो पाठवते. तुम्ही संपर्क म्हणाल्या होत्या ना..." तिची काही चूक नव्हती. मोबाइल तर आईसोबत शेतात जायचा. माझ्या तक्त्यात 'दारात जाणे' असा रकानाच नव्हता. खूण पाहून मी हजेरीपट बघायचं सोडून दिलं होतं. मी, जी दर शनिवारी हजेरीपट बघते.

सर अकोल्याहून परतून घरीच आराम करत होते. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते गादीवर उशीला टेकून बसले होते, आवाज बारीक झालेला. वाटलं, आता गोऱ्ह्यांचा विषय काढतील. काढला नाही. म्हणाले, "श्रावणी लय चांगली पोरगी हाये. पण तिले निकिताची गरज नाही ना, मॅडम. ज्याले आपली गरज नाही, तो आपल्या दारात कायले उभा राहीन? आन् राह्यला त आपल्याले लाज वाटते." पाठीमागची उशी नीट केली. "मी दहावीत होतो तवा शाळा सोडली होती. बापासंगं निंदायले जात होतो. माह्यासारखाच एक उनाड दोस्त होता, तो संध्याकाळी दारात येऊन म्हणे, मध्या, तू नाई त मागच्या बाकावर मी एकटाच राह्यलो, सर सारं मलेच विचारतात. त्याच्यासाठी गेलो मी. शिकाले नाही गेलो." मग हात हलवून, जणू वर्गातलाच प्रश्न सोडवत, "यादी पाठवाले किती दिवस हायेत?" मी म्हटलं, "आठ." "मंग पुष्कळ हायेत. पण आता सानियाले तुमीच सांगा. मी सांगितलं त तिले वाटन, म्हाताऱ्यानं पाठवलं."

सानिया मला शाळेत मिळाली नाही. बसस्टँडवर मिळाली, दोन मैत्रिणींसोबत शेव-चिवडा खात. मी स्कूटी थांबवली आणि म्हटलं, निकिताच्या घरी चल. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काहून? तुमीच त आमची जोडी तोडली. आता मी कोन तिची?"

"चूक झाली माझी."

"लिहून द्या."

मैत्रिणी खिदळल्या. मला क्षणभर राग आला, मग कळलं की तिचं म्हणणं बरोबर आहे. मी तिला इतक्या वेळा लेखी खुलासा मागितला होता. पर्समधून वही काढली, पान फाडलं, लिहिलं: 'जोडी: निकिता आणि सानिया. बदल चुकून झाला होता.' खाली सही केली. तिने ते वाचलं, घडी घालून दप्तरात ठेवलं आणि स्कूटीवर मागे बसली. "मॅडम, आता हळू चालवा. तुमची हजेरी कमी व्हायची."

निकिता अंगणात भावाला वरण-भात भरवत होती. मला पाहताच उठून उभी राहिली आणि मान खाली घातली. सानियाने माझ्या आधी तोंड उघडलं. "ए, काल सरावाचे पेपर वाटले. मले एका गणितात चार मार्क भेटले. तू असती त तुले पाच भेटले असते, जाऊ दे." निकिता हसली. मीही बोलायचं ठरवून आलेलं सगळं विसरले. तेवढ्यात तिची आई डोक्यावर गाठोडं घेऊन आली आणि मला पाहून घाबरली. "मॅडम, मी तिले काही शाळेतून काढलं नाही. एवढा कापूस घरी येऊ द्या, मंग पाठवतोच ना. याले कोनापाशी ठेवू सांगा?" याचं उत्तर सानियाकडे होतं. "माह्या घरी सोडत जा, काकू. माही दादी दिवसभर ओसरीवर बसून कोंबड्यांवर खेकसते. पोरगं असलं त त्याच्यावर खेकसन." आई म्हणाली, "तुही दादी काय म्हनन?" सानिया म्हणाली, "दादीले विचारते कोन!"

प्रत्यक्षात दादीला विचारावं लागलं, आणि दादीने दोन दिवस नाहीच म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा ओसरीवर होता, हातात पोळीचा तुकडा, आणि दादी त्याच्यावर खेकसत होती. मुख्याध्यापकांनी निकिताच्या गैरहजेरीची कारणं लिहून शिफारस केली, एका अटीवर: आता परीक्षेपर्यंत एकही दिवस बुडवायचा नाही. एकही बुडला नाही. त्या मार्चमध्ये ती परीक्षेला बसली आणि पास झाली. सानिया मात्र गणितात नापास! निकाल पाहून ती रडली नाही. सरांच्या घरी जाऊन त्यांच्याशीच भांडली. पुरवणी परीक्षेपर्यंत निकिता रोज तिच्या ओसरीवर जाऊन बसली, आणि सानिया जुलैत सुटली. आता दोघी मंगरूळपीरला बारावीची परीक्षा देत आहेत. निकिताची हजेरी कशी आहे ते मला ठाऊक नाही. त्या आता कुठल्याच यादीत नाहीत.

सर त्यानंतर वर्षभर शाळेत होते, मग निवृत्त झाले. शेवटची भेट डिसेंबरातली. मी नववीच्या आठ मुलांचा कागद घेऊन गेले होते. कोणाला कोणाबरोबर लावू, हेच विचारायचं होतं. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, मग कागद मला परत दिला. "नावं वाचून काय करू, मी त पोट्टे पाह्यले नाहीत. तुमी पाह्यले हायेत ना?" मी म्हटलं, हो. "मंग लावा." जाताना बजावलं, "आन् तक्ता करू नका."

तक्ता केला नाही. खरं म्हणजे केला, पण नुसत्या नावांचा, रकान्यांशिवाय. नववीतली पायल आणि ऋतुजा ही त्यातली एक जोडी. दोघींचं एकमेकींशी पटत नाही, हे वर्गाला ठाऊक होतं, मला नव्हतं. गेल्या आठवड्यात पायल दोन दिवस आली नाही. माझ्या जुन्या वहीत कारणं चारच असत: आजारी, शेतीकाम, बाहेरगावी, इतर. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी ऋतुजा माझ्या टेबलाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तिची चप्पल तुटली. बाजार त रविवारी भरते. तिनं कोनाले सांगू नको म्हटलं, पण तुमाले सांगावंच लागते ना." मी म्हटलं, "मला सांगितलंस, पुरे. दुसऱ्या कोणाला नको." तिने मान हलवली, पण जागची हलली नाही. मग म्हणाली, "मी तिले उद्या घेऊन येऊ? पन आमाले उशीर होईन." उशिरा येणाऱ्यांची वही माझ्यासमोरच उघडी होती. मी म्हटलं, "होऊ दे."

दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा दोघी फाटकाबाहेर होत्या. नियमाप्रमाणे संपेपर्यंत तिथेच ताठ उभ्या राहिल्या. राष्ट्रगीत संपलं, मैदान एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत फाटकाकडून आवाज येऊ लागला, फटक... फटक... पायलच्या पायात ऋतुजाच्या आईच्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या. मुलं हसली. पायलने मान खाली घातली. ऋतुजाने हसणाऱ्यांकडे असं पाहिलं की पहिली रांग गप्प झाली. त्या दोघी सगळं मैदान ओलांडून, अजिबात घाई न करता, आपल्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. हजेरीपट माझ्या हातात होता. मी दोघींच्या नावापुढे हजेरी लावली.