सावधान अवस्थेतले अठरा श्वास

लेफ्टनंट झाल्यावर पहिले चार महिने मी एक मूर्खपणा रोज दोनदा केला. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. रुग्णांचे श्वास मोजण्याआधी मी त्यांना सावधान करत असे.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. पहिली पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका छोट्या लष्करी रुग्णालयात. वॉर्डात अठ्ठावीस खाटा, मध्ये ऊब देणारी एक बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, खिडक्यांबाहेर बर्फ. वय तेवीस. खांद्यावर दोन तारे नवे होते आणि मी ते दिवसातून दहा वेळा आरशात बघत असे. बुटांच्या टाचा मुद्दाम आपटत चालायची. आज ती पोरगी जळगावात माझ्या दारात आली, तर मी तिला आधी चहा पाजेन आणि मग कान धरून बाहेर काढेन.

लष्कराबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी बोटांना लागते. श्वास मात्र नर्सनं डोळ्यांनी मोजायचा असतो, पूर्ण एक मिनिट. निरोगी माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. हा आकडा वाढला की फुफ्फुसात काहीतरी बिघडतंय, हे इतर खुणांच्या आधी कळतं. पण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस तो बदलतो. म्हणून आम्हाला शिकवलं होतं की मनगट धरून ठेवायचं, नाडी मोजतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची.

हे मला पाठ होतं. पण अधिकाऱ्यानं चोरून कशाला मोजायचं, असं माझं त्या वेळचं थोर मत होतं. शिवाय कमांडिंग ऑफिसरच्या राउंडला रुग्ण पलंगावर सरळ, हात बाजूला, टाचा जुळवून पडत. ते मला इतकं आवडलं की मी टीपीआरच्या वेळी, म्हणजे ताप, नाडी, श्वास घेताना, तेच सुरू केलं. दारात उभी राहून म्हणायची, "टीपीआर. सावधान." अठ्ठावीस माणसं ताठ. चार्टवर सुंदर आकडे. सोळा, अठरा, अठरा.

चौदा नंबरच्या खाटेवर शिपाई भिला आला. पारोळा तालुक्यातला, वय एकवीस. पोस्टवरून ताप आणि खोकला घेऊन उतरला होता. निदान न्यूमोनिया. इंजेक्शनं सुरू झाली. मी धुळ्याची आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी कुठून तरी समजलं.

"अक्का, तुम्ही आपलाकडन्या शेतस का?"

"मॅडम म्हणायचं," मी म्हणाले.

"जी मॅडम."

शेजारच्या तेरा नंबरवर एक गढवाली सुभेदार साहेब होते. पाय मोडलेला, तोंड शाबूत. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी चौदाचा श्वास मोजला. अठरा. लिहिला. सुभेदार साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, ये लड़का आपके सामने साँस दबाता है. आपके जाने के बाद देखिए."

"सुभेदार साहब, चार्ट मैं रखती हूँ. आप प्लास्टर सँभालिए."

"जी मॅडम."

वॉर्ड हसला. मलाही माझं उत्तर फार आवडलं. नाश्त्याला मेसमध्ये मैत्रिणीला ते दोनदा ऐकवलं.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी चादरी मोजायला लिननच्या खोलीत गेले. तिचं मागचं दार वॉर्डात उघडतं. ते अर्धं उघडं होतं आणि त्यातून चौदा नंबरची खाट बाजूनं दिसत होती.

भिला पलंगाच्या कडेला बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. दर श्वासाला खांदे वर जात होते. मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या. सदऱ्याची बटणं सोडलेली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. शेजारी दलिया तसाच, वर साय धरलेली.

मी घड्याळ बघितलं. चादरी हातात तशाच ठेवून एक मिनिट मोजलं.

अडतीस.

मी पुढे गेले. टाचा वाजल्या असाव्यात. त्यानं मान वळवून मला पाहिलं. ओठ निळे होते. आणि मग त्यानं जे केलं ते मी अजून बघते. तो आडवा झाला, हात बाजूला घेतले, टाचा जुळवल्या आणि श्वास दाबला.

"भिला, ऊठ. बसून राहा. घे श्वास."

"ठीक… शे… मॅडम."

एका श्वासात एक शब्द. मी त्याला उठवून बसवलं, पाठीला उशा लावल्या. नर्सिंग असिस्टंटला ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला सांगितलं आणि वॉर्डाच्या डॉक्टरांना, मेजर साहेबांना, फोन लावला.

"सर, बेड चौदा. रेस्पिरेशन अडतीस. ओठ निळे."

"सुबह कितना था?"

"अठरा."

"किसने गिना?"

"मैंने, सर."

मेजर साहेब चार मिनिटांत आले. अकरा वाजता ऑक्सिजन चालू. सव्वा अकराला भिलाचं नाव डेंजरसली इल लिस्टवर, म्हणजे जिवाला धोका असलेल्यांच्या यादीवर, चढलं. मोठं रुग्णालय खाली होतं. हेलिकॉप्टर मागायला सिग्नल गेला. उत्तर आलं: मौसम बंद, हेलिकॉप्टर नहीं. रस्त्यावरचा बर्फ काढत होते, रस्ता चार वाजता खुलणार होता.

मी त्याच्याजवळ बसले. या वेळी मनगट धरलं होतं. बारा वाजता चाळीस. एक वाजता चव्वेचाळीस. अडीचला एकदम बावीस झाले. शेजारून सुभेदार साहेबांनी विचारलं, "कम हुआ, मॅडम?" मी होकारार्थी मान हलवली. थकलेल्या माणसाचा श्वास असा उतरतो, तेव्हा ती चांगली बातमी नसते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते कळलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी मी मोजत होते. पुढचा श्वास आला नाही.

मेजर साहेबांनी चार्ट हातात घेतला. चार नोंदी, चारही अठरा, स्वच्छ अक्षरात, खाली माझी सही. त्यांनी एकेका नोंदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कागज़ ठीक है." त्यापुढे कोणीही मला काही विचारलं नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं मला त्यानंतर कित्येक वर्षं वाटत आलं. दुसऱ्या दिवसापासून मी रबरी तळव्याचे बूट घातले.

वर्दी उतरून आता बरीच वर्षं झाली. सवय उतरली नाही. एसटीत समोर कोणी झोपलं की मी मोजते. दुपारी नात लोळत वाचते तेव्हाही. "आजी, तू माझ्याकडे अशी टक लावून का बघतेस?" ती विचारते. "तुझं नाक कोणावर गेलंय ते शोधतेय," मी सांगते. तिला पटत नाही.

त्या हिवाळ्यानंतर दोन महिन्यांनी मी सुटीवर धुळ्याला आले. घरी सांगितलं, जळगावला मैत्रिणीकडे जाते. पारोळ्याला उतरले आणि दुसरी गाडी धरली. गावात घर विचारावं लागलं नाही. भिला गेल्यापासून बाहेरचं माणूस त्याच घरी येई; साडीतल्या परक्या पोरीला बघून लोकांनीच दाखवलं.

भिलाचे वडील शेतात होते. आई ओसरीवर कापूस निवडत होती. मी नाव, गाव आणि त्याच्या वॉर्डात नर्स होते, हे सांगितलं.

"धुळानी नर्स? त्यानी चिठ्ठीमा लिखं व्हतं. भलती कडक शे म्हने."

तिनं पाणी दिलं. मी ते प्यायले नाही. आधी सांगून टाकलं. सावधान, चार्ट, सुभेदार साहेब, लिननचं दार, अडतीस. तो माझ्यासमोर श्वास दाबत होता आणि माझ्यामुळे दाबत होता, हेही सांगितलं. काहीही मऊ केलं नाही.

तिचे हात कापसात थांबले. ती ओरडेल, हाकलेल, याची मी वाट बघत होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाली:

"तू त्याले इतलंच सांगती ना माय, दम लागना ते लागू दे, त्यामा लाज नही ऱ्हास."