पिवळ्या झेंड्याचा खटला

लेस्टर पॅस्कोला बुलारा गावात कुणी लेस्टर म्हणत नसे. सगळे पंच म्हणत. आठवडाभर तो गव्हाच्या कोठारावर ट्रकांची वजनं करी. रविवारी मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत गाड्या एकमेकींवर आदळल्या, की दोष कुणाचा आणि शिक्षा किती, हे एकतीस वर्षं तोच ठरवत आला होता. सवय इतकी मुरलेली, की दुकानात दोन ट्रॉल्या घासल्या तरी हा गृहस्थ वाकून चाकांच्या खुणा बघायचा. बायको म्हणायची, "आपल्या लग्नात चूक कुणाची, तेही ठरवून टाक एकदा." त्यावर तो खरोखरच विचारात पडायचा.

त्या रविवारी दुपारी मात्र त्याला विचारच नको वाटत होता. तिसऱ्या वळणावर नोएल लिंडनरने ग्लेनिस हॉकिंगच्या गाडीला मागून ठोकलं होतं. तिची गाडी भिंतीवर जाऊन आदळली, मनगट मोडलं. आणि बासष्ट वर्षांचा नोएल हा पंचाचा शाळेपासूनचा दोस्त.

पत्र्याच्या खोलीत तिघं बसले, ग्लेनिसचा हात झोळीत बांधलेला. चहा निवत होता.

"ही मध्ये घुसली," नोएल म्हणाला.

"घुसले कुठली? पुढे गाडी उलटली होती. पिवळा झेंडा बघून मी वेग कमी केला," ग्लेनिस म्हणाली.

"तुला झेंडा कशाला लागतो? एरवीही तू हळूच असतेस."

"आणि तुला थांबायला माझी गाडी लागते."

लेस्टरने हसू मिशीत दाबलं. "नोएल, झेंडेवाला कुठे होता?"

"डावीकडे. मनोऱ्यावर. असतो तिथेच."

लेस्टरचा कप हातातच राहिला. मनोरा मंगळवारच्या वाऱ्यात पडला होता. झेंडेवाला आज उजवीकडे, ट्रेलरवर, केशरी कोट घालून उभा होता. बारा फेऱ्या मारून नोएलला तो दिसला नव्हता.

ग्लेनिसने लेस्टरकडे पाहिलं. आपलं उत्तर चुकलं, हे नोएलला कळलं.

"बरं, लिही," तो घाईने म्हणाला. "मुद्दाम ठोकलं मी. मागच्या महिन्यात हिने हरवलं, त्याचा राग होता."

मुद्दाम ठोकलं तर सहा रविवार बंदी. डोळे गेले असतील तर शर्यतीचं लायसन्स कायमचं जमा.

"खोटं बोलतोय हा," ग्लेनिस हळूच म्हणाली. "याने जन्मात कुणाला मुद्दाम खरचटलं नाही."

"तू गप्प बस गं. गुन्हेगार कबूल करतोय, तर फिर्यादीच वकिली करतेय."

लेस्टरने पेन उचललं. सहा रविवार लिहिणं सोपं होतं. सातव्या रविवारी नोएल परत वळणावर आला असता, आणि त्या वेळी नुसत्या मनगटावर भागलं नसतं.

"लायसन्स दे, नोएल."

"पंच, एकतीस वर्षांत तुझा एकही निवाडा चुकला नाही म्हणतात. आज चुकव ना एक. माझ्यासाठी."

"दोन चुकवलेत," लेस्टर म्हणाला. "याच मोसमात. दोन्ही वेळा तू धडकलास आणि मी दोष धुळीवर ढकलला. दोन्ही तुझ्यासाठीच."

नोएलने पाकिटातून एक कार्ड काढलं, अगदी नाकाजवळ नेऊन तेच आहे ना हे पाहिलं, आणि टेबलावर ठेवलं.