बोर्ड लावण्यास सक्त मनाई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते — ते मलाही नीट कळत नाही.

मी मराठीची शिक्षिका. निवृत्त झाले, पण सोलापुरात अजून कुणी भेटलं की 'मॅडम' म्हणून थांबतं. अभिमान आहे मला त्याचा, असणारच की. आमच्या बागेत सकाळचा योगवर्गही मीच घेते. माझा आवाज चढला की पन्नाशीची माणसं ताठ बसतात.

त्या बागेत श्रीदेवी यायला लागली. माझीच जुनी विद्यार्थिनी, घरी यंत्रमाग. स्केटबोर्डवर खडखडत यायची, पायऱ्यांवरून फळीसकट उडी मारायची — आणि माझा वर्ग डोळे उघडून तिच्याकडे बघत बसायचा. आवाजाचा त्रास होतो, असं मी म्हणायचे. खरं सांगू? माझ्याकडे कुणी बघेना, हे मला सोसेना.

फाटकावर महापालिकेची पाटी होती : 'बागेत बोर्ड लावण्यास सक्त मनाई'. ती वाढदिवसाच्या फ्लेक्सबोर्डांसाठी. मी श्रीदेवीला पाटीपुढं उभं केलं आणि म्हणाले, यात तुझाही बोर्ड आला. शब्दाचा अर्थ मी सांगितला — मग ती कशाला शंका घेईल?

"व्हय मॅडम," म्हणाली आणि फळी काखेत मारून गेली.

मग तिनं महापालिकेत खेटे घातले. बागेत बोर्डाला परवानगी द्या, म्हणायची. तिथं विचारायचे, "वाढदिवस कुणाचा हाय?" बाजारात भेटली की मला हे सगळं सांगायची. एका वाक्यात तिची वणवण थांबली असती. बोलले मी ते? नाही.

शेवटी तिनं फळीच साहेबांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बागेचा मागचा कोपरा स्केटबोर्डसाठी राखून मिळाला. आता नियमच आहे, तिथं खेळा, बाकी फरशीवर नाही.

उद्घाटनाला माझा सत्कार ठेवला, तोही तिनंच. पोरगी बोलली काय सुंदर! ऊर भरून आला माझा. मग साहेबांनी हसत विचारलं, "पण पाटीचा असला अर्थ तुला सांगितला कुणी?"

तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं.

"माझीच चूक, साहेब. मॅडमच्या तासाला लक्ष न्हवतं माझं."

सगळे हसले. खांद्यावर सत्काराची चादर होती. मीही हसले.