विकत घेतलेलं संत्रं

लिओन्तिना, माझ्याबद्दल लिहू नकोस असं तू कधी म्हणाली नाहीस, म्हणून लिहिते. गोड गोड लिहिणार नाही. तू हट्टी होतीस, भाजलेल्या ओटचं काळं पाणी कॉफी म्हणून प्यायचीस, आणि आम्हा शिक्षकांत तुझ्याइतकं चांगलं कुणीच शिकवत नव्हतं. हे तोंडावर सांगायचं राहिलं. बाकीचं आता इतरांना सांगते.

लिओन्तिना हुशानू आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. सहावीला दुकानांचा धडा होता. मटणवाला बुचर, भाजीवाला ग्रीनग्रोसर, मासेवाला फिशमंगर. प्रत्येकाचं दुकान वेगळं, प्रत्येक वस्तूवर किंमत. आमच्या गावात दुकान एकच, सरकारी, आणि त्या हिवाळ्यात फळ्यांवर मोहरीच्या बरण्यांशिवाय काही नव्हतं.

"बाई, मटणवाल्याकडे मटण असतं?" मुलं विचारायची.

"धड्यात असतं. पुढे वाच."

पण मोहरीच्या बरण्यांवर मुलं काय शिकणार? तिनं पुठ्ठ्यावर कोंबड्या, मासे, संत्री रंगवली आणि वर्गात दुकान मांडलं. नियम एकच. न अडखळता इंग्रजीत किंमत विचारायची, कागदी पौंड मोजायचे, की वस्तू तुमची. खुशाल घरी न्या. कितीतरी घरांत तिची पुठ्ठ्याची कोंबडी भिंतीवर लागली होती.

फेब्रुवारीत शाळा तपासायला जिल्ह्याचे इन्स्पेक्टर यायचे ठरले. हेडमास्तर प्रिकोप धावत आले.

"पुठ्ठ्याचं काही नको हं, बाई. साहेबांना भरलेलं दुकान दिसलं पाहिजे."

"आणि गावातलं कधी भरताय?"

"लिओन्तिनाबाई, तोंड आवरा."

सरकारी दुकानाच्या मागच्या खोलीतून माल आला. मांसाचं एक सलामी सॉसेज, चीजचा गोळा, सहा संत्री. लिओन्तिनानं सही केली. दुपारी दोनला सगळं जसंच्या तसं परत.

तास फक्कड झाला. बारा वर्षांच्या सँडिका मोरारूनं "हाऊ मच इज धिस?" इतकं ठसक्यात विचारलं की इन्स्पेक्टरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं पौंड मोजले, संत्रं घेतलं, जागेवर जाऊन बसली.

दोन वाजता संत्री पाचच भरली.

लिओन्तिना मागच्या अंगणात गेली. सँडिका धाकट्या बहिणीबरोबर भिंतीला टेकून बसली होती, दोघींचे हात चिकट. घाबरलेली मुळीच नव्हती.

"बाई, मी अडखळले नाही ना? मी विकत घेतलं."

लिओन्तिना दोघींसमोर उकिडवी बसली. नियम तिचाच होता. आज तो नाही, हे सांगायला तीच विसरली होती. सँडिकाचा बाप घरचंच वासरू विनापरवाना कापलं म्हणून तुरुंगात होता. त्यात मुलीवर सरकारी मालाची चोरी आली असती, तर तिची रवानगी थेट सुधारगृहात झाली असती.

"नाही अडखळलीस," ती म्हणाली. "सालंही खा. दोघी. लवकर."

तेव्हा कुठे त्या मुलीला कळलं. साल चावता चावता ती रडायला लागली.

"कोणी घेतलं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मी खाल्लं."

"तुम्ही? अहो, वेड्यात काढता का मला? एक नाव सांगा आणि सुटा."

"भूक लागली होती. लिहा."

आठ दिवसांत तिची बदली झाली, डोंगरातल्या एका शाळेत. दोन बस, पुढे पायपीट. तिथं इंग्रजी नव्हतंच. मुलांना बटाटे निवडायला न्यायचं, वर्गातली शेगडी पेटवायची. तिसऱ्या हिवाळ्यात छातीत कफ भरला. डॉक्टर पोचला तोवर ती गेली होती.

बदलीवर ती निघाली त्या दिवशी बसपाशी मी एकटीच होते. त्या दुपारपासून सँडिका शाळेत फिरकली नव्हती.

"मोरारूंकडे जा," लिओन्तिना म्हणाली. "पोरीला सांग, नाव कुणी घेतलेलं नाही. ये म्हणावं शाळेत. आजच जा, उद्यावर टाकू नकोस. तुला मी ओळखते."

दोनदा गेले मी, गल्लीच्या तोंडापर्यंत. समोरच्या खिडकीत हेडमास्तरांची बायको बसलेली, कोण कुणाकडे जातं ते बघत. दोन्ही वेळा मी वळले आणि ब्रेडच्या रांगेत जाऊन उभी राहिले, जशी काही त्याचसाठी निघाले होते. वसंतात मोरारूंच्या दाराला कुलूप दिसलं. डोंगरातून लिओन्तिनाचं कार्ड आलं, एका ओळीचं: गेलीस का?