जावेचा धबधबा

माझ्या धाकट्या जावेला फोटो चांगले काढता येतात. हे आधीच लिहून टाकते, कारण तोंडाने मी ते अजून कुणाजवळ बोललेले नाही.

ती अंगणवाडीत सेविका होती. कामासाठी मोबाईल हातात आला, पोरांचं वजन करतानाचे फोटो पाठवावे लागायचे, तिथून तिला नाद लागला. ती कामावरून निवृत्त झाली तेव्हा लेकीने पुण्याहून खरा कॅमेरा आणून दिला, त्याला तीन पायांचा स्टँडही दिला. आता आमच्या शिरोळ भागात कुणाकडे डोहाळजेवण असो की बारसं, पहिलं बोलावणं तिला. मला बोलावतात ते पोळ्या लाटायला.

हा हेवा आजचा नाही. मी चौथीनंतर शाळा सोडली, ती दहावी होऊन आमच्या घरात आली. सासूबाईंनी वर्षभर तिला शेणाला हात लावू दिला नाही. कुणाचं पत्र आलं की तिला सोप्यात बसवून वाचायला लावायच्या आणि मी गोठ्यातून ऐकायची. पत्र मलाही वाचता येत होतं. कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही नवं घर बांधलं. जुनं नदीकाठाला होतं, महापुरात दोनदा बुडालं, म्हणून वरच्या अंगाला रस्त्याकडेला जागा घेतली. घर होत आलं तेव्हा माझा मुलगा म्हणाला, हॉलची मोठी भिंत मोकळी ठेवायची आणि तिथे पलंगाएवढा धबधब्याचा फोटो लावायचा.

"दोनदा घरात पाणी आलं ते पुरं झालं न्हाय व्हय?" मी म्हटलं. "आता भिंतीवर बी पाणीच?"

"आई, समदी लावत्यात. दुकानातला परदेशातला कशाला आणायचा? राधानगरीच्या जंगलात आपला एवढा मोठा धबधबा हाय की. काकीला नेतो, ती काढंल."

काकी म्हणजे तीच. घर माझं, फरशी मी बघून घेतलेली, रंग मी ठरवलेला, आणि दारातून आत येणाऱ्या माणसाला पहिलं दिसणार ते तिच्या हातचं. मला जेवण गेलं नाही.

"मी बी येतो," मी म्हटलं. "आणि फोटो मी बी काढणार. चांगला येईल त्यो लावायचा."

मुलगा हसला. सून मात्र हसली नाही. तिने आपला मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्या, हितं दाबायचं. दाबताना हात हलवायचा न्हाय." मी दोन दिवस म्हशीचे फोटो काढून हात बसवला. म्हैस चांगली आली.

श्रावणात एका सकाळी आम्ही चौघं गाडीने निघालो. मुलगा, सून, जाऊ आणि मी. जावेच्या मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, माझ्या मांडीवर ओटीची पिशवी. आमच्याकडे नदीला पाणी चढलं की तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. एवढं मोठं पाणी बघायला रिकाम्या हाताने जाणं मला पटत नाही.

गाडी लावून पुढे जंगलातून चालत जायचं होतं. वाट निसरडी, दोन्हीकडे झाडी, आणि धबधबा दिसायच्या आधीच त्याचा आवाज छातीत बसायला लागला. समोर आलो तर डोहात ही गर्दी. पोरं उड्या मारत होती, पोरी ओल्या होऊन एकमेकींचे फोटो काढत होत्या. जावेने एक सपाट दगड बघून स्टँड उभा केला, कॅमेरा बसवला, माझ्या मुलाला वर छत्री धरायला लावली. आणि गप उभी राहिली.

"काढ की," मी म्हटलं.

"मोकळा पायजे, आक्का. माणसं असली की धबधबा ऱ्हात न्हाय, जत्रा हुत्या." मग तिने सुनेला समजावून सांगितलं की कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवला की पाणी थेंब थेंब दिसत नाही, दुधासारखं दिसतं.

"दुधाचाच काढायचा हुता तर डेअरीत जायचं हुतं," मी म्हटलं. "हितवर कशाला तंगड्या मोडल्या?"

ती हसली. तिला माझा राग येत नाही, हा तिचा अजून एक गुण.

अर्धा तास ती तशीच थांबली. मग एक जोराची सर आली आणि सगळी पोरं कणसाच्या टपरीकडे पळाली. सर गेली, ढग फाटला, धबधब्यावर स्वच्छ ऊन पडलं. डोहात एक माणूस नाही. जाऊ कॅमेऱ्याला डोळा लावून वाकली.

मी पिशवी उचलली आणि सरळ तिच्या समोरून डोहाकडे चालत गेले.

चुकून गेले नाही. तिच्या कॅमेऱ्यात काय दिसतं ते मी अर्धा तास मागे उभी राहून बघितलं होतं. बरोबर मध्यावरचा दगड धरला आणि त्याच्यावर बसले. ओटी भरायला पाच मिनिटं पुष्कळ होतात. मी खणाची घडी उलगडून पुन्हा घातली. तांदूळ मूठमूठ सोडले. हळद ओली होऊन हाताला चिकटली, ती दगडाला लावली, पुन्हा बोटं बुडवली.

"आवं आक्का!" मागून आवाज आला. "दोनच मिनटं बाजूला व्हा की! ऊन हाय तवर!"

पाण्याचा एवढा आवाज असताना बाईमाणसाला ऐकू आलं नाही तर कुणी नाव ठेवत नाही. मी नारळ वाहिला, हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले.

पुरेसं झालं असं वाटलं तेव्हा उठले. त्याच दगडावर उभी राहून पिशवीतल्या सुनेच्या मोबाईलवर पटापट आठ-दहा फोटो काढले. मोकळा धबधबा, वर ऊन. आणि मी दगडावरून खाली उतरते न उतरते तोच डोंगरावरून धुकं आलं. असं आलं की पाणी दिसेना, नुसता आवाज. आम्ही दुपारपर्यंत थांबलो, कणसं खाल्ली, धुकं काही हललं नाही.

"काकी, तुमचा मोकळा एक बी आला न्हाय?" सुनेने विचारलं.

"न्हाय गं. आक्कांचा आला आसंल. त्योच लावूया."

परत येताना गाडीत मला झोप आली नाही. एवढा आनंद मला घराचा पाया खणतानाही झाला नव्हता.

घरी आल्यावर मुलाने माझे फोटो मोठे करून बघितले. सगळ्या फोटोंवर पिवळा डाग. मोबाईल धरताना माझं हळदीचं बोट कॅमेऱ्याच्या काचेवर फिरलं होतं. धबधबा कुठे होता ते सांगावं लागत होतं. मुलगा म्हणाला, "आई, भंडारा उधळलाय जणू. देवळात लावूया का ह्यो?"

"हळदीला तरी रंग असतोय, दुधाला त्यो बी न्हाय," मी म्हटलं, पण त्यात काही जीव नव्हता.

मग जावेने आपला कॅमेरा टीव्हीला जोडला. वरपासून खालपर्यंत पांढरं पाणी, दोन्ही अंगाला काळे कातळ आणि हिरवं रान, आणि तळाला, बोटाच्या पेराएवढी, हिरव्या लुगड्यातली पाठमोरी बाई हात जोडून बसलेली. त्या बाईमुळे पाणी किती उंच होतं ते कळत होतं. धुकं येईपर्यंत मी तिथे पाऊण तास होते आणि मान वर करून ते मी बघितलंच नव्हतं.

मग जाऊच म्हणाली, "मोकळा काढला असता तर चुकलं असतं. आक्का बसल्या म्हणून झालं."

मुलाने माझ्याकडे बघितलं.

"लावा," मी म्हटलं.

वास्तुशांतीला गावातली माणसं जेवून उठली की त्या भिंतीपुढे उभी राहायची. "कुणी काढला वो?" असं विचारायची. कोण बसलंय असं एकाही बाईने विचारलं नाही. मी वाढत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. मी म्हटलं, "मी कशापायी तिथं बसलो ते तुला कळलं हुतं?"

"तवाच." तिने हात पुसले, पेटीतून कॅमेरा काढला, काहीतरी शोधलं, मोठं केलं आणि माझ्यापुढे धरला. "हाक मारली तवा तुमी एकडाव वळून बघितलासा."

त्या बारक्या काचेत मी होते. मान वळवलेली, तोंड कॅमेऱ्याकडे. आणि मी हसत होते, सगळे दात दाखवून, लहान पोरीसारखी. लग्नात मी अशी हसले नाही, मुलाच्या बारशाला नाही. आधारकार्डावर तर मी मेल्यासारखी दिसते.

"हे कुणाला दावलंस?"

"कुणाला न्हाय. दावीन कशाला?"

माझ्याकडे तिचा असा फोटो असता तर मी गल्लीभर फिरवला असता.

"पूस त्यो," मी म्हटलं.

"बघा हां, आक्का. लई झ्याक आलाय."

"पूस म्हटलं न्हवं?"

तिने माझ्यासमोर बटण दाबलं आणि काच काळी झाली. मी भांडी फळीवर लावायला घेतली. उभ्या जन्मात माझा एवढा एकच फोटो चांगला निघाला होता, आणि तोही तिनेच काढलेला.