टोपलंभर भाकरी होईस्तोवर

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. मुलींतही पहिली आणि मुलांतही. हे सांगायला मला आवडतं, म्हणून आधीच सांगून टाकते. पास झाले तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, औरंगपुऱ्याच्या बाजारातून मनगटी घड्याळ आणून दिलं. ते मी झोपतानाही काढत नसे.

दौलताबादला किल्ल्याच्या खाली आमचं शेत, आणि शेतातच घर. चुलीपुढं बसलं की समोर गोठा दिसायचा. त्यातली तांबडी गाय मायची. बाकी सगळं दादांचं, काकांचं, सामाईक. पण तांबडीची आजी मायच्या माहेरून आंदण आलेली, त्यामुळं तिच्यावर कुणी हक्क सांगत नसे. आमच्याशी न बोललेलं कितीतरी माय तिच्याशी बोलायची.

गाय वेणार असली की मायचा एक नेम होता. पाणमोट बाहेर येऊन फुटली, पाणी वाहिलं, की ती परात पुढं ओढायची. घरच्यांच्या आणि गड्यांच्या मिळून टोपलंभर भाकरी होईस्तोवर गायीला कुणी हात लावायचा नाही. बहुतेकदा शेवटची भाकरी तव्यावर असतानाच वासरू खाली पडलेलं असायचं. "घाई आपल्याला असती, तिला नसती," असं ती म्हणायची.

त्या दिवशी सकाळी तांबडीची पाणमोट फुटली आणि माय भाकरीला बसली. मी गोठ्यात. दर थोड्या वेळानं मनगटाकडं बघत होते.

"घड्याळात काय बघतीस? तिच्याकडं बघ."

बघितलं. एक खूर बाहेर आला होता, त्याच्यामागं नाकाचा शेंडा. दुसरा खूर कुठंच नाही. तांबडी बसत होती, उठत होती, कळ देत होती. मग आडवी झाली आणि तिनं कळ देणं सोडून दिलं. नुसती भिंतीकडं बघत राहिली.

"माय, एकच खूर दिसतोय. आन ती आता जोरच करंना."

टोपलं अजून अर्धं रिकामं होतं. माय उठली. तव्यावर भाकरी टाकून तिला उठताना मी कधी बघितलं नव्हतं. मागं भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिनं वळून बघितलं नाही.

दादा सायकल काढून गुरांच्या डॉक्टरला आणायला गेले. काका दोर घेऊन आले.

"वहिनी, दोघांनी धरून एक हिसडा दिला की येतंय बाहेर. मागं म्हशीचं नाय का काढलं?"

"काढलं की. ती म्हैस परत उठली का, ते बी सांगा."

काका दोर उलगडायला लागले. शेजारच्या मळ्यातल्या चाची तेलाची वाटी घेऊन आल्या आणि गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मायनं आत घालायला हात धुतला, पण कोपरापर्यंत भरलेल्या बांगड्या निघेनात. साबण लावला, तरी निघेनात.

"फोडा की वहिनी. गायीपरीस बांगड्या जड हायेत का?"

"तुमचे भाऊ दवाखान्यात गेलेत, वर नाय गेले," माय म्हणाली.

चाची हसल्या. "बेटी का हात लगाओ ना. बी.ए. का हात है, पतला है."

मायनं माझ्याकडं बघितलं. मी घड्याळ काढलं. तिनं ते कनवटीला खोचलं आणि माझ्या हाताला कोपरापर्यंत तेल चोळलं.

आत इतकी ऊब असेल असं वाटलं नव्हतं. आधी नाक लागलं. मग तोंड. बोट आत गेलं आणि एक खरबरीत जीभ त्याच्याभोवती वळली.

"माय, चोखतंय."

"जितं हाय," माय हळूच म्हणाली. "मानंच्या कडंनं खाली जा. दुसरा पाय दुमडला असंल."

होता. गुडघ्यात मुडपलेला.

"आता वासराला माघारी लोट. कळ असताना नगं, कळ गेल्यावर. खूर तळहातात झाकून घे, नायतर आत फाटंल."

कळ आली की माझा हात असा आवळायचा की बोटं माझी राहायची नाहीत. कळ गेली की मी लोटायचे. घसरायचं, परत शोधायचे. शेवटी तो मऊ खूर मुठीत आला आणि हळूहळू, माझ्या हातासकट, बाहेर आला.

काकांनी दोन्ही पायांना दोर बांधला आणि पाय रोवले. "ओढू?"

माय माझ्याकडं वळली. तिनं मला विचारलं, "ओढायचं का गं?"

तिच्या गायीबद्दल तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं. मी तांबडीच्या पोटावर हात ठेवला. पोट सैल होतं. "थांबा," मी म्हणाले. काका कुरकुरले. मी थांबले. मग हाताखाली पोट कडक होत गेलं.

"आता. तिच्याबरोबर. खालच्या अंगाला."

ती जोर करील तसं आम्ही ओढलं, ती थांबली की थांबलो. डोकं आलं, खांदे आले, आणि बाकीचं एकदम माझ्या मांडीवर सांडलं. चाचींनी ओढणीनं त्याचं नाक पुसलं, गवताची काडी आत फिरवली. वासरू शिंकलं. ती शिंक ऐकून तांबडीनं मान वळवली आणि बसल्या जागेवरून त्याला चाटायला लागली.

डॉक्टर आले तेव्हा वासरू उभं राहायच्या खटपटीत होतं. काका त्यांना सगळं सांगत होते, दोर कसा बांधला ते.

"खरवस पहले मेरे घर," चाची म्हणाल्या. "तेल मेरा गया."

मायनं चुलीवरचं कोमट पाणी आणलं. मला पायरीवर बसवलं आणि माझा हात कोपरापासून बोटांपर्यंत धुतला, एकेक नख, लहानपणी धुवायची तसा. पदरानं पुसला. मग कनवटीचं घड्याळ काढून स्वतःच माझ्या मनगटाला बांधलं. तिनं कधी घड्याळ बांधलं नव्हतं; ते उलटं बसलं. ती परत चुलीशी गेली, करपलेली भाकरी तांबडीपुढं टाकली आणि राहिलेल्या भाकरी थापायला बसली.

संध्याकाळपर्यंत मी ते घड्याळ तसंच ठेवलं.